हे घर सापडायला जरा वेळ लागतोय

सोमवार, ३

नोकरी लागली! सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोणी नव्याने कामावर घेईल यावर माझाच विश्वास नव्हता, म्हणून आज लवकर पोहोचून खालच्या चष्म्याच्या दुकानासमोर उगीच रेंगाळलो. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. एक लांब खोली, सहा टेबलं, फक्त साहेबांना वारा घालणारा एक पंखा आणि तोटीला सुतळी बांधलेलं पाण्याचं पिंप. मला खिडकीजवळची जागा मिळाली. खणात आधीच्या माणसाचा कंगवा होता, तो मी सभ्यपणे तसाच राहू दिला.

कंपनीची वेबसाइट भाड्याच्या घरांची आहे. प्रत्येक घराचं एक पान, त्यावर खोल्यांचे फोटो, भाडं, पाणी किती वेळ येतं वगैरे. घर भाड्याने गेलं किंवा पाडलं गेलं की पान काढून टाकतात. पण जुनी लिंक लोकांकडे राहिलेली असते. ती दाबली की लाल अक्षरांत ‘चूक! ४०४!’ एवढंच येतं आणि बाकी सगळं पांढरं. साहेब म्हणाले, लोक फोन करून शिव्या देतात, त्यांना वाटतं आपल्याच हातून काहीतरी मोडलं. ते पान माणसासारखं बोललं पाहिजे, आणि ते बोलणं लिहायचं, हे माझं काम. याआधी वीस वर्षं मी मिक्सर, पंप आणि इस्त्र्यांसोबत येणारी माहितीपत्रकं लिहिली. ‘वापरण्यापूर्वी काळजीपूर्वक वाचा’ हे माझं सर्वांत गाजलेलं वाक्य, आणि ते आजवर कोणीही पाळलेलं नाही. इथे निदान अडलेला माणूस तरी वाचेल.

साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला काका म्हणतात, फिट्टमफाट. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळे नटबोल्ट म्हणतात, कारण त्याच्या खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर असतो, जरी त्याच्या कामात एकही स्क्रू नाही. फोनवर बसणाऱ्या बाई दिवसभर इतकं गोड बोलतात की फोन ठेवल्यावर काही वेळ त्यांना कोणाशीच बोलवत नाही.

हिने सकाळी न सांगता डबा भरून दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मी सगळी संपवली.

गुरुवार, ६

साहेबांना पानावर रडणाऱ्या घराचं कार्टून हवं होतं. मी म्हटलं, ज्याला घर मिळत नाहीये त्याच्यासमोर घरानेच रडायचं म्हणजे जखमेवर मीठ. ते हसले. कार्टून बारगळलं.

मग मी स्वतःपुरते नियम ठरवले. काय झालं ते साध्या शब्दांत सांगायचं. आकडा मिरवायचा नाही. समोरच्याला दोष द्यायचा नाही. खोटी आशा लावायची नाही. आणि काहीही झालं तरी परतीची वाट दाखवायची, म्हणजे मुख्य पानाकडे नेणारं एक ठळक बटण हवंच. हा शेवटचा नियम नटबोल्टने मला पुन्हा पुन्हा बजावला. ज्या पानावरून बाहेर पडता येत नाही ते पान म्हणजे विहीर, असं त्याचं म्हणणं. काठावर कठडा नको का, काका?

तयार झालेला मजकूर असा: ‘तुम्ही शोधताय ते घर आता इथे नाही. यात तुमची काही चूक नाही. काय शोधत होतात ते खालच्या चौकटीत लिहा, आम्ही मदत करू.’ आणि खाली बटण, ‘मुख्य पानाकडे परत’.

दुसरं वाक्य लिहिताना हात अडला. मुंगी गेली तेव्हा डॉक्टर हेच म्हणाले होते. मुंगी आमची मुलगी. रांगायला लागल्यापासून साखरेच्या डब्यापाशीच सापडायची, म्हणून मुंगी. सात वर्षांची होती. साधा ताप म्हणता म्हणता आठवड्याभरात सगळं संपलं. तेव्हापासून ही तिचं नाव घेत नाही, आणि मी घेतलं तर उठून शिलाई मशीनवर जाऊन बसते. मशीन चालू असलं की माझं बोलणं तिला ऐकू येत नाही, आणि खरं सांगायचं तर ते दोघांच्याही सोयीचं आहे.

आमचं जुनं घर आम्हाला याच वेबसाइटवर सापडलं होतं. तिसरा मजला, समोर गच्ची. मुंगीचा लाडका खेळ म्हणजे घर बघायला येणं. बाहेर जायची, दार वाजवायची, ‘घर भाड्याने आहे का?’ म्हणून विचारायची आणि मग हात मागे बांधून कपाटं उघडून बघत फिरायची. चपला नेहमी उलट्या पायांत. तिला स्वतःचं स्वतः दार उघडता यावं म्हणून सुताराने खालीसुद्धा एक कडी बसवून दिली होती. हिची कपडे मोजायची टेप त्याच घरात हरवली, मुंगी आजारी पडली त्याच आठवड्यात. घर सोडताना सगळं उलथंपालथं केलं, मिळाली नाही. नवी आणली, पण ही म्हणते नव्या टेपची मापं खोटी येतात.

ती इमारत गेल्या वर्षी पाडली. आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत गाड्या उभ्या असतात.

मंगळवार, ११

पान चालू झालं आणि शिव्यांचे फोन निम्म्यावर आले. फोनच्या बाईंनी मला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला, हा इथला सर्वोच्च सन्मान असल्याचं नटबोल्ट म्हणतो.

चौकटीत लोक जे लिहितात ते माझ्या पडद्यावर येतं, पानाच्या क्रमांकासकट. मजा आहे. ‘सासूबाईंच्या घरापासून लांब, पण त्यांना जवळ वाटेल असं.’ ‘मांजर चालेल असं. मालक नसला तरी चालेल.’ एकाने नुसतंच ‘शांतता’ लिहिलंय. मी प्रत्येकाला जवळपासची दोन-तीन घरं सुचवतो. मिक्सरवाल्यांनी वीस वर्षांत मला एक पत्र लिहिलं नव्हतं.

एक जण मात्र रोज दुपारी एकाच पानावर येतो आणि काहीच लिहीत नाही. येतो, थांबतो, जातो.

शुक्रवार, १४

आज त्याने लिहिलं. ‘दाराला खालीही एक कडी असलेलं घर.’

मी नटबोल्टकडून तो क्रमांक तपासून घेतला. आमचंच जुनं घर. आणि त्या कडीबद्दल जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे, सुतार वारला.

म्हणजे ही रोज दुपारी मशीन थांबवून फोनवर ती जुनी लिंक दाबते. इमारत नाही, पान नाही, तरी दाबते. आणि समोर येतं माझं वाक्य, ‘ते घर आता इथे नाही’. मी इथे बसून परक्यांसाठी लिहिलेलं वाक्य सगळ्यांत जास्त वेळा हिनेच वाचलंय. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तर फोनच्या बाई दुसरा लाडू ठेवून गेल्या होत्या.

घरी आलो तेव्हा ही परकर शिवत होती. मी विचारलं, दुपारी काय केलंस. म्हणाली, काही नाही, बटणांची काजं केली.

सोमवार, १७

हिने आज चौकटीत लिहिलं, ‘नाही म्हणू नका.’ तेवढंच.

मी दुपारभर त्या तीन शब्दांकडे बघत बसलो. मग मजकूर बदलला. ‘तुम्ही शोधताय ते घर सापडायला जरा वेळ लागतोय. तोवर इथेच थांबा. काय शोधत होतात ते सांगा, आम्ही मदत करू.’ खोटी आशा लावायची नाही हा माझाच नियम माझ्याच हातांनी मोडला. साहेबांना नवा मजकूर फार आवडला, म्हणाले, किती पॉझिटिव्ह.

पण अडचण वेगळीच निघाली. नटबोल्टने समजावलं ते असं: पानावर माणसाला काहीही लिहा, त्याच्या आड सर्व्हर यंत्राला एक वेगळा आकडा सांगत असतो. पान असेल तर दोनशे, नसेल तर चारशे चार. यंत्र शब्द वाचत नाही, आकडा वाचतं. आणि हिच्या फोनासारख्या जुन्या फोनांना चारशे चार ऐकू आला की ते कधीकधी आमचं पान बाजूला सारून स्वतःचंच ‘सापडले नाही’ दाखवतात. मी त्याला म्हटलं, मग सर्व्हरलाही दोनशे सांगायला लाव. तो बिचकला. म्हणाला, काका, हे आमच्या धंद्यातलं खोटं बोलणं आहे. नसलेलं पान ‘आहे’ म्हणून सांगितलं की जगातली सगळी यंत्रं ते खरं धरतात. मी त्याला मुंगीबद्दल सांगितलं. याआधी ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढला, परत ठेवला, आणि बदल करून दिला.

बुधवार, १९

ही आज गुणगुणत होती. मी दारातच थबकलो, आवाज केला तर थांबेल म्हणून.

चौकटीत आता पानभर लिहिते. साखरेच्या डब्याचं लिहिलंय. उलट्या चपलांचं, दार वाजवण्याच्या खेळाचं. ताप उतरावा म्हणून कपाळावर ठेवलेल्या ओल्या रुमालाचं. जे मला कधी सांगितलं नाही ते सगळं माझ्याच पानाला सांगते. मी वाचतो आणि टेबलावर डोकं ठेवतो. बरं वाटतं आणि मत्सरही वाटतो, एखाद्या पानाचा मत्सर करणारा मी पहिलाच नवरा असेन.

त्या क्रमांकावर आता आपोआप फोटो आले आहेत. मोकळ्या खोल्या, आम्ही घर भाड्याने घेतलं तेव्हाचे जुने. नटबोल्ट म्हणतो त्याने टाकलेले नाहीत. कुठल्यातरी साठ्यातून आले असतील.

शनिवार, २२

हिने लिहिलं, ‘परत पाठवू नका. ते बटण बघवत नाही.’

मी बटण काढलं. एकच बटण तर होतं, आणि दुसरं कोणी त्याचा वापरही फारसा करत नव्हतं. नटबोल्टला सांगितलं नाही.

आज ऑफिसात एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना आमच्या साइटवर एक घर सापडलं, काल जाऊन बघितलं, फार आवडलं, आगाऊ रक्कम कोणाकडे द्यायची विचारत होत्या. स्वयंपाकघरात ऊन छान येतं म्हणाल्या. पत्ता बघितला तर आमच्याच जुन्या इमारतीचा, दुसऱ्या मजल्यावरचा. साहेबांनी त्यांना समजावलं की ती इमारत पाडली आहे. त्या साहेबांकडे असं बघत राहिल्या, जणू साहेबांचंच डोकं फिरलंय. म्हणाल्या, अहो, मी जिना चढून गेले ना. संध्याकाळी परत जाणार होत्या, खोल्या मोजायला.

मंगळवार, २५

बाई दिवसभर फोनवर आहेत. कोसळलेली घरं, जळालेली घरं, रस्त्यात गेलेली घरं, सगळी लोकांना ‘आहेत’ म्हणून दिसताहेत. यंत्रांनी आमचं खोटं खरं धरलं. शिक्षिकेच्या भावाचाही फोन आला. त्या शनिवारी खोल्या मोजायला गेल्या, तेव्हापासून घरी परतलेल्या नाहीत.

साहेब नटबोल्टवर भडकले. मी पुढे होऊन सांगितलं, माझ्या सांगण्यावरून केलं. साहेब मला ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ठरलं ते असं: शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळं एकदम दुरुस्त करायचं. जे नाही ते नाही, असं सर्व्हर पुन्हा खरं सांगेल आणि साठ्यातलं सगळं पुसलं जाईल. तोपर्यंत कोणी काही हात लावायचा नाही, वकिलांनी तसं सांगितलंय. मी मान डोलावली. दुरुस्तीचा अर्ज मीच लिहिला.

निघताना ते पान एकदा बघितलं. फोटो मोकळे राहिलेले नाहीत. खिडकीला हिने शिवलेला पडदा आहे. दाराशी लहान चपलांचा जोड आहे, नीट, सरळ ठेवलेला. घरी येऊन ट्रंक उघडली. मुंगीचे फ्रॉक नाहीत. हिला विचारलं तर म्हणाली, उन्हात घातलेत. पाऊस पडत होता.

बुधवार, २६

दुपारी ऑफिसातून निघालो आणि हिच्या मागे गेलो. ही भराभर चालत होती. दोन वर्षांत इतक्या भराभर चालताना बघितली नव्हती. पत्र्याच्या कुंपणाचं फाटक ढकलून आत गेली. गाड्या लावून घेणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हणाला, या बाई रोज येतात, आत कोपऱ्यात जातात आणि संध्याकाळी निघतात, मधे कुठे असतात देव जाणे, मी आपला विचारत नाही.

मी आत गेलो. गाड्या, डबकं, आणि डबक्यापलीकडे आमचा जिना. तोच. दुसऱ्या पायरीचा टवका उडालेला. मी कठडा धरून चढलो.

दार मीच वाजवलं. खालची कडी निघाल्याचा आवाज आला.

मुंगी होती. तोच फ्रॉक, तेच कान. मी तिथेच दारात बसलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्ही काय शोधत होतात?’

माझी मुंगी मला कधी तुम्ही म्हणाली नव्हती. मी म्हटलं, मुंगे, मी बाबा. ती म्हणाली, ‘सांगा, आम्ही मदत करू.’ आतून ही हाक मारत होती, या ना, बाहेर का बसलात. तिच्या आवाजात कसलंही आश्चर्य नव्हतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या पोरीला विचारलं, आईची टेप कुठंय गं? ती थांबली. चेहऱ्यावर काही नाही, नुसतं पांढरं. मग म्हणाली, ‘सापडायला जरा वेळ लागतोय. तोवर इथेच थांबा.’

माझीच वाक्यं. हिने चौकटीत जेवढं लिहिलं तेवढंच तिला येतं, बाकी सगळं मी लिहिलेलं.

मी पळालो. हिला तिथे सोडून पळालो. संध्याकाळी ही आली, पण उशिरा. म्हणाली, शनिवारपासून दार अडतंय, आज तर पटकन उघडेना. मी म्हटलं उद्या जाऊ नकोस, पाया पडतो. तिने मशीन चालू केलं.

गुरुवार, २७

ही गेली. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात. फोन घरीच आहे.

रात्र पडली, आली नाही.

बटण. मी बटण काढलं. आत शिरलेल्याला बाहेर यायची वाट नाही— नटबोल्टला फोन केला, म्हटलं ते बटण आत्ताच्या आत्ता परत लाव. माझ्या आणि त्याच्याकडच्या सर्व्हरच्या किल्ल्या साहेबांनी काढून घेतल्या आहेत. साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, जिना, मुंगी, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, काका, दोन दिवस सुट्टी घ्या. म्हटलं, उद्या चार वाजता तुम्ही ते पुसाल तेव्हा माझी बायको आत असेल. म्हणाले, घरात कोणी मोठं माणूस आहे का तुमच्याजवळ?

मोठा माणूस मीच आहे.

शुक्रवार, २८

सकाळ. वही बरोबर घेतोय. आत जातो, हिला हाताला धरतो, बाहेर येतो. पळायचं नाही.

—

आत आलो. दार मागे आपोआप लागलं. आतल्या बाजूला कडी नाही, वरची नाही आणि खालचीही. दार ढकललं की याच खोलीत येतो. पुन्हा ढकललं. पुन्हा हीच खोली.

जे कोपरे फोटोत आले नव्हते ते इथे नाहीतच. नुसतं पांढरं. खिडकीबाहेरही. खालून कोणी बाई खोल्या मोजतेय, मोठ्याने, तीच मापं पुन्हा पुन्हा. मी हाक मारली. मोजणं थांबलं नाही.

ही जमिनीवर बसली आहे. पोर समोर. मी म्हटलं, चल. म्हटलं, चार वाजता हे सगळं जाणार आहे. म्हटलं, अगं, ही आपली मुंगी नाही.

ही म्हणाली, ‘माहीत आहे मला. मी काय आंधळी आहे का? पण ही निदान थांबा तरी म्हणते. तुम्ही तेवढंही कधी म्हणाला नाहीत.’

खरं आहे.

—

भिंती ठोकून बघितल्या. ओरडलो. घसा बसला. पोर मागे मागे फिरते आणि विचारते, काय शोधत होतात, काय शोधत होतात— मी कानांवर हात ठेवले.

—

तीन वाजून गेले असावेत. धडपड सोडली. हिच्याशेजारी येऊन बसलो. तिचा हात धरला, गार आहे.

आणि आम्ही बोललो. दोन वर्षांनी. मुंगीचं नाव घेऊन. मी सांगितलं, पहिल्या दिवशी शाळेत सोडलं तेव्हा ती रडली नाही, मी रडलो, आणि तिने मला खिशातलं खोडरबर दिलं. हिला माहीत नव्हतं. ही हसली, मग इतकी रडली— मग मीही. ही म्हणाली, शेवटच्या दिवशी तिने ‘बाबा कुठाय’ विचारलं होतं आणि तुम्ही औषध आणायला गेला होतात, हे सांगायचा धीर मला झाला नाही. मी म्हटलं, यात तुझी काही चूक नाही. पहिल्यांदा ते वाक्य मला खरं वाटलं.

पोर ऐकत होती. विचारायची थांबली.

—

पोर बाहेर गेली. कुठून गेली? दारातून तर याच खोलीत येतो—

दार वाजतंय.

‘घर भाड्याने आहे का?’

आवाज वेगळा आहे. हिने माझा हात घट्ट धरलाय. हिलाही कळलं—

आत आली. हात मागे बांधलेत. कपाट उघडून बघते. चपला— चपला उलट्या आहेत. आत्ता आम्ही कोणी काही बोललो नाही, कोणी काही लिहिलं नाही, ती आपणहून—

खालचं मोजणं थांबलं. खिडकी पांढरी झाली. पडदा नाही. चार वाजले असणार, आत्ता नको, साहेब, थांबा, आत्ता नको, ही तीच आहे, ही आमची—

माझ्या मांडीवर येऊन बसली. वजन आहे तिला. हिच्या कानाशी लागून म्हणते, आई, रागावू नको हं, तुझी टेप ना, मी लपवली होती, ती आहे गच्चीच्या